इंजिनीअर होऊन सॉफ्टवेअर विकायचं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची इंजिनीअर झालीस, सांगलीहून पुण्यात येऊन सहा महिने झाले, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतेस. हातात दोन ऑफर आहेत. एक बाणेरच्या सॉफ्टवेअर प्रॉडक्ट कंपनीची: एसडीआर, म्हणजे सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, ६ लाख, त्यातले २ लाख व्हेरिएबल, म्हणजे टार्गेटवर अवलंबून, शिफ्ट रात्रीची. दुसरी शिवाजीनगरच्या एका ईआरपी पार्टनरची, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याची: फिक्स ३ लाख २० हजार, वर इन्सेन्टिव्ह आणि पेट्रोल, फिरायचं कारखान्यांच्या भागात, भोसरी-चाकणला. सोमवारपर्यंत कळवायचंय. तुझे बाबा मार्केट यार्डात आडत दुकानावर दिवाणजी आहेत आणि ते म्हणतात, "फोनवर विकायचंच होतं तर इंजिनीअरिंगला चार वर्षं कशाला घातली?"

वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी २००८ची कॉम्प्युटर इंजिनीअर. कॅम्पसमधून नोकरी लागली होती, पण मंदी आली आणि जॉइनिंगची तारीख पुढे-पुढे जात राहिली. शेवटी घरभाड्यासाठी एका सॉफ्टवेअर डीलरकडे लागले. पहिली पाच वर्षं भोसरीत स्कूटीवर काढली, मग सहा वर्षं पुण्यात बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना फोनवर विकलं, आणि आता देशातल्या लहान-मध्यम कारखान्यांना विकणारी टीम सांभाळते. दरवर्षी नवी मुलं घेते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

तू विचारलंयस 'कोणती ऑफर घेऊ', पण खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आलाय: "कोडिंग जमलं नाही म्हणून सेल्सला गेली असं सगळे म्हणतील." म्हणतील. वर्षभर म्हणतील, मग त्यांची स्वतःची अप्रेझलं सुरू होतील आणि तुझा विषय मागे पडेल. पण तुला स्वतःलाच तसं वाटत असेल तर मात्र ही नोकरी घेऊ नकोस. गिऱ्हाईक दिवसातून वीस वेळा नाही म्हणतं. त्यात एकविसावा नकार आतून यायला लागला की माणूस तीन महिन्यांत बसतो. असे पाच-सहा जण मी पाहिलेत आणि त्यातले दोघं माझ्याहून हुशार होते.

आता काम काय असतं ते सांगते, कारण 'फोनवर विकणं' हे वर्णन दोन्ही ऑफरना लागू पडत नाही.

एसडीआर विकत नाही. तो फक्त भेट ठरवून देतो. ठरावीक प्रकारच्या कंपन्यांची यादी करायची, त्यात नेमकं कोणाशी बोलायचं ते शोधायचं, फोन, ईमेल, लिंक्डइन असा पाठपुरावा करायचा, आणि समोरच्यानं अर्धा तास द्यायचं कबूल केलं की ते प्रकरण अकाउंट एक्झिक्युटिव्हच्या हवाली करायचं. पुढचा डेमो, किंमत, करार हे त्याचं काम. तुझं टार्गेट महिन्याला किती भेटी ठरल्या आणि त्यातल्या किती खऱ्या निघाल्या यावर असतं. पार्टनरकडे याच्या उलट. यादी तू करायची, फोन तू लावायचा, डेमो तू द्यायचा, कोटेशन तू बनवायचं, पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, तूच आणायची आणि चेकसाठीही तूच खेटे घालायचे. एकीकडे कामाचा एक तुकडा हजार वेळा, दुसरीकडे सगळं काम पण थोड्या वेळा. तुला कशानं शिकायला होतं हे मला इथून सांगता येणार नाही. ते तुझ्या स्वभावावर आहे.

पण दोन्हीकडे शिकायची गोष्ट एकच आहे, आणि ती बोलणं नव्हे. इंटरव्ह्यूला येणारी निम्मी मुलं सांगतात, "मॅडम, माझं कम्युनिकेशन चांगलं आहे." मला त्याची थोडी भीतीच वाटते. समोरच्याचं काम कुठं अडतंय, त्याचा त्रास नक्की कोणाला होतोय आणि त्या त्रासापायी पैसे कोणाच्या खिशातून जातायत, हे ज्याला हुडकता येतं तो विकतो. बोलका असो वा घुमा.

माझी पहिली ऑर्डर सांगते. २००९, भोसरी एमआयडीसी, जे ब्लॉकमधला टर्निंगचे पार्ट बनवणारा एक कारखाना. मी लॅपटॉप उघडून शेठना स्टॉकचे रिपोर्ट दाखवत होते. शेठ मला सोडून खिडकीतून बाहेर उतरणारा टेम्पो बघत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, "आमच्याकडे टॅली आहे. चहा घेऊन जा." चहा यायला उशीर होता म्हणून मी स्टोअरमध्ये डोकावले. स्टोअरकीपर काका प्रत्येक रॅकला दोऱ्यानं बांधलेल्या बिन कार्डावर पेन्सिलनं आकडे लिहीत होते. मी सहज विचारलं, "काका, प्लेटिंगला गेलेला माल कुठं लिहिता?" त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला. तो अर्धाच उघडला, कारण आत ५७एफ४ची चलनं कोंबलेली होती. जीएसटीआधीच्या एक्साइजच्या काळात जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्याकडून काम करून घ्यायला, माल पाठवायचा तर हे चलन लागायचं, आणि माल १८० दिवसांत परत आला नाही तर त्या मालावर घेतलेलं कराचं क्रेडिट उलटवावं, म्हणजे परत भरावं लागायचं. काका म्हणाले, "ऑडिट आलं की मी आणि अकाउंटवाल्या ताई, आम्ही दोघं दोन रविवार हीच लावत बसतो. काही सापडतात, काही नाही."

मी ड्रॉवरमधली वरची तीन चलनं काकांना विचारून शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिन्हींची मुदत टळून गेली होती. "शेठ, हा माल परत आलाय का?" शेठनी टेम्पो सोडला आणि काकांना हाक मारली. मग तिथं जे काही झालं त्यात मी एक शब्दही बोलले नाही. आठ दिवसांनी ऑर्डर आली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जॉबवर्कचा रिपोर्ट होता, चाळीस रिपोर्टांमध्ये सत्तावीस नंबरला. तोवर मी तो एकदाही कुणाला दाखवला नव्हता.

तू ई अँड टीसी आहेस, कोडिंगमध्ये मन रमलं नाही म्हणतेस, पण प्रोजेक्टला सेन्सरचं रीडिंग का हलतंय हे तीन दिवस शोधत बसलेलीस हेही तूच लिहिलंयस. हे तेच काम आहे.

फोनवरही हेच चालतं, फक्त ड्रॉवर दिसत नाही, तो विचारून उघडावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना जीएसटीचं ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, लागू झालं. त्याआधी ही मर्यादा २०२०मध्ये ५०० कोटींपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्यानं खाली आली होती. त्या जुलैत माझ्या टीममधला एक नवा मुलगा रोज साठ-साठ फोन करत होता: "नमस्कार सर, मी अमुक कंपनीतून बोलतोय, आमचं सॉफ्टवेअर बिलिंग, स्टॉक, पेरोल..." पुढचं ऐकायला पलीकडे कोणी उरत नव्हतं. मी त्याला म्हटलं, आपलं नाव सांग आणि लगेच प्रश्न विचार. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "शेठ, १ ऑगस्टपासून ५ कोटींच्या वर ई-इनव्हॉइस आहे. २०१७-१८ पासून कुठल्या एका वर्षात तरी तुमची उलाढाल तिथपर्यंत गेली होती का?" पलीकडे शांतता. "गेली होती एकदा, कोविडच्या आधी. आता नाही. मग आम्हाला लागतं का?" लागत होतं, नियमच तसा होता, आणि बऱ्याच जणांना ते ठाऊक नव्हतं. शेठनी त्याला सीएचा नंबर दिला. त्या कॉलमध्ये आमच्या सॉफ्टवेअरचं नावही आलं नाही.

म्हणून पहिल्या वर्षी प्रॉडक्टची फीचर्स पाठ करण्याआधी गिऱ्हाइकाचा धंदा वाच. कारखान्यांना विकणार असशील तर जीएसटीचं रिटर्न कोणत्या तारखेला जातं, चलन, ई-वे बिल, जॉबवर्क म्हणजे काय. परदेशी कंपन्यांना सपोर्टचं सॉफ्टवेअर विकणार असशील तर त्यांच्या सपोर्ट टीमचा माणूस सकाळी आल्यावर पहिली कोणती स्क्रीन उघडतो. कंपनीत तुला 'बँट' शिकवतील: बजेट, अधिकार, गरज, मुदत. आयबीएममधून आलेली जुनी चौकट आहे, कामाची आहे. पण नवी मुलं ती रेशनकार्डाच्या फॉर्मसारखी भरतात. "सर, आपलं बजेट किती?" असं पहिल्या फोनवर विचारलं तर आपल्याकडचा कुठलाही शेठ "बजेट नाही" असंच म्हणेल. ती चार उत्तरं तुला कळायला हवीत, ती त्याला विचारायलाच हवीत असं नाही.

इंग्रजीबद्दल तू फार घाबरलेली दिसतेस. माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठीत. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलायला लागले तेव्हा पहिला महिना मी उच्चारांच्या मागे लागले आणि तो महिना वाया गेला. त्यांना माझा उच्चार खटकत नव्हता, वेग खटकत होता. घाबरलं की आपण भरभर बोलतो. मी पहिली दोन वाक्यं वहीत लिहून ठेवायला लागले, ती सावकाश म्हणायची आणि मग गप्प बसायचं. एवढ्यावर सहा वर्षं काढली. लिहिताना मात्र कच्चं राहून चालत नाही. फोन विसरला जातो, ईमेल पुढच्या पाच जणांना फॉरवर्ड होतो.

आता पैशांकडे. ६ लाख हा आकडा आज विसरून जा. त्यातले २ लाख मिळाले तर मिळतील. फिक्स ४ लाख, म्हणजे महिन्याला ३३ हजारांच्या आसपास, आणि त्यातून पीएफ वगैरे कापून हातात येतील ते तुझे. पार्टनरकडे हाच आकडा २६ हजार ६०० च्या आसपास. कॉट, मेस, गावचं बसभाडं आणि एज्युकेशन लोन असेल तर त्याचा हप्ता, हे सगळं फिक्समध्ये बसतंय का ते मांडून बघ. बसत नसेल तर ती नोकरी कितीही चांगली असली तरी तू पहिल्या खराब तिमाहीत घाबरून काहीतरी चुकीचं विकशील. अशा वेळी दिलेली खोटी आश्वासनं पुढच्या वर्षी सपोर्टच्या पोरांच्या गळ्यात पडतात.

व्हेरिएबलचा कागद आधी माग. ऑफर लेटर नव्हे, इन्सेन्टिव्हची पॉलिसी. यात मी स्वतः पोळलेय. २०११मध्ये चाकणच्या एका कारखान्याची ५ लाखांची ऑर्डर आणली, ४ टक्के ठरले होते, म्हणजे माझे २० हजार. तेव्हा ती रक्कम माझ्या पगारापेक्षा जास्त होती. गिऱ्हाइकानं शेवटचे २० टक्के अडवले, कारण कबूल केलेले दोन रिपोर्ट तयार नव्हते. ते व्हायला सात महिने लागले. दरम्यान मी नोकरी बदलली. पैसे मागायला गेले तर मालकांनी पत्रातली ओळ दाखवली: इन्सेन्टिव्ह पूर्ण वसुलीनंतर आणि कर्मचारी नोकरीत असेल तरच देय. सही माझीच होती. त्या मालकांचं नाव घेत नाही, त्यांनी कागदाप्रमाणेच केलं.

म्हणून विचार: ऑर्डरवर देता की वसुलीवर? गिऱ्हाईक सोडून गेलं तर दिलेला इन्सेन्टिव्ह परत घेता का? एसडीआरला भेट ठरल्यावर मिळतो की भेट प्रत्यक्ष झाल्यावर, आणि 'ही भेट खरी नव्हती' हे कोण ठरवतं? पहिले तीन महिने शिकण्याचे म्हणून टार्गेट कमी आहे का? आणि एक प्रश्न एचआरला नको, जो तुझा मॅनेजर होणार आहे त्याला विचार: "गेल्या दोन तिमाहींत तुमच्या टीममधल्या किती जणांचं टार्गेट झालं?" आठातले पाच म्हणाला तर ठीक. एकाचंच झालं म्हणाला तर व्हेरिएबलचे २ लाख म्हणजे शोभेचे. उत्तर टाळलं तरी कळलंच.

रात्रीच्या शिफ्टचं. रात्र म्हणजे किती वाजेपर्यंत, हे कोणता देश यावर आहे आणि ऑफर लेटरात ते बहुधा लिहीत नाहीत. इंग्लंड असेल तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपली दुपार, उन्हाळ्यात दीड, हिवाळ्यात अडीच. रात्री साडेदहापर्यंत काम आटोपतं. अमेरिकेचा पूर्व किनारा असेल तर त्यांचे नऊ वाजतात आपल्या संध्याकाळी साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला, म्हणजे पहाट होते. कॅलिफोर्निया असेल तर सुरुवातच रात्री साडेनऊ-साडेदहाला. मी पूर्व किनारा सहा वर्षं केला. पहिली तीन वर्षं झेपला, नंतर झोप आणि पित्त दोन्ही बिघडलं. शिवाय तू मुलगी आहेस म्हणून हे माहीत असू दे: महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था कंपनीनं करायची असते. 'कॅब मेन गेटपासून' किंवा 'ओलाचं बिल लावा' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबून विचार.

तू लिहिलंयस की एसडीआरचं काम आता एआय करणार. काही करणारच आहे, करतंयही. यादी काढणं, पहिला ईमेल लिहिणं, कॉलचा गोषवारा सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये भरणं, यासाठी माझ्या टीममध्येही आता माणूस बसत नाही. ज्या कंपनीत एसडीआर म्हणजे रोज दोनशे ईमेल ढकलणारं पोरगं, तिथं जाऊ नकोस. बाणेरवाल्यांकडे याची परीक्षा सोपी आहे. त्यांना म्हण, मला तुमच्या कुठल्याही दोन कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवा. एसडीआर प्रश्न विचारतोय की स्क्रिप्ट वाचतोय ते पाच मिनिटांत कळेल. गुप्ततेमुळे ऐकवता येत नाही म्हणाले तर अर्धा तास त्यांच्या एसडीआरच्या शेजारी बसू देण्याची विनंती कर. मी उमेदवारांना बसू देते. त्यातले दोघं तिथूनच घरी गेले, दोघांचंही बरं झालं.

मग कोणती? माझा कल भोसरीकडे आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल, आणि तो माझ्या वाटेनं आलाय, म्हणून त्यातून थोडा वजा कर. पार्टनरची ऑफर चांगली कधी? मालक स्वतः गिऱ्हाइकाकडे जात असतील आणि पहिले तीन महिने तुला सोबत नेणार असतील तेव्हा. ते केबिनमध्ये बसून फक्त 'आज किती व्हिजिट?' विचारत असतील तर तू उन्हातान्हात फिरशील आणि शिकणार काहीच नाहीस. बाणेरची चांगली कधी? देश इंग्लंड असेल, मॅनेजर स्वतः कॉल ऐकत असेल, आणि वर्षा-दीड वर्षात एसडीआरचे अकाउंट एक्झिक्युटिव्ह झालेली दोन माणसं ते तुला भेटवू शकत असतील तेव्हा. दोन्हीकडे उत्तरं बरी आली तर बाणेर घे, कारण तिथून भोसरीला येता येतं, भोसरीतून तिकडे जायला मला पाच वर्षं लागली. दोन्हीकडे उत्तरं धड आली नाहीत तर सोमवारची तारीख ही त्यांची अडचण आहे, तुझी नाही. आणखी महिनाभर कॉट बेसिस परवडतो का तेवढं घरी विचार.

बाबांना काय सांगायचं, असंही विचारलंयस. त्यांना पटवायला जाऊ नकोस. त्यांना हळदीच्या सौद्याबद्दल विचार. व्यापारी हळकुंड मोडून बघतो तेव्हा तो काय बघतो, कोणत्या व्यापाऱ्याला उधारीवर माल द्यायचा आणि कोणाला नाही हे ते कशावरून ठरवतात, शेतकऱ्याला भाव पडल्याचं कसं सांगतात. तुझ्या दोन्ही होणाऱ्या मॅनेजरांपेक्षा त्यांना यातलं जास्त कळत असणार. चार वर्षं कशाला घातली, हा प्रश्न ते पुन्हा विचारतील, विचारू देत.

आज शनिवार आहे. दोन्हीकडे आजच एक छोटा ईमेल टाक: इन्सेन्टिव्हची पॉलिसी मिळावी, आणि सोमवारी अर्धा तास होणाऱ्या मॅनेजरशी बोलता यावं, त्यानंतर लगेच कळवते. पॉलिसीचा कागद आला की कंपनीचं नाव आणि तुझं नाव झाकून इथं टाक, मी वाचून सांगते. 'पूर्ण वसुलीनंतर' हे शब्द सहसा दुसऱ्या पानावर असतात.